कुस्करलेली बट्टी

(धुळ्यातलं हॉटेल, रविवारची दुपार. पुनम, तिची मुलगी जुई आणि नणंद कोकिळा जेवायला बसल्यात. टेबलावर स्टीलची वाटी ठेवल्याचा टणकन आवाज.)

कोकिळा : घरची वाटी? हॉटेलात? बठ्ठा लोक देखी ऱ्हायनात, पुनम.

पुनम : बघू देत, ताई. पिंप्राळ्याहून निघताना आधी हीच पर्समध्ये टाकली. इथल्या वाढण्याला काही धरबंध नसतो.

जुई : आत्या, माझं जेवण मोजून असतं.

कोकिळा : सहा वर्षांची पोर, आणि मोजून जेवते.

पुनम : इलाज आहे का? आणि बट्टी बघा केवढी, आपल्या घरच्या दोन होतील. हिला यातली एकच. एकीच्याच हिशेबानं इन्सुलिनचं इंजेक्शन दिलंय. आलेच हात धुवून.

कोकिळा : जा गं. आत्या आहे मी तिची, वैरीण नाही.

जुई : आत्या, मला बस झालं.

कोकिळा : एवढ्यात? थांब, आई आली बघ.

पुनम : हे काय? कुस्करली?

कोकिळा : मग? आख्खी बट्टी पोराच्या घशाखाली उतरते का? वरण घातलं, तुपाची धार सोडली.

पुनम : किती कुस्करल्या?

कोकिळा : एक. आणि वरून माझ्या ताटातली अर्धी.

पुनम : ताई... आता कसं कळायचं, पोटात किती गेली?

कोकिळा : कमी खाल्लं तर साखर कमीच राहील. बरंच की.

पुनम : औषध आत गेलंय ना. त्याला पुरेल एवढं पोटात नसलं, की साखर खाली खाली जाते. चाळीसगाव स्टेशनवर घामाघूम झाली होती, विसरलात? मला ओळखेना.

कोकिळा : नको आठवण काढूस. मला आपलं वाटायचं, तू उपाशी ठेवतेस पोरीला... थांब. अहो दादा, आणखी एक बट्टी द्या. आणि वरण.

पुनम : आता कशाला?

कोकिळा : तुझ्या वाटीत कुस्करते. एकीच्या किती वाट्या भरतात ते तरी कळेल.

पुनम : वरण मघाशी घातलंत तेवढंच घाला. दाबू नका... ही एक. ही दुसरी. दोन.

कोकिळा : म्हणजे माझ्या दीड बट्टीच्या तीन. जुईच्या ताटात किती उरल्या?

पुनम : एक... दोन. म्हणजे एकच वाटी खाल्लीय. अर्धी बट्टी. अजून एक वाटी जायला हवी. जुई, बाळा, एवढं संपव.

जुई : नको.

पुनम : एवढंच.

जुई : वर्गातल्या अर्शीच्या वाढदिवसाला मी अजून मागत होते, तर तू बस म्हणालीस.

पुनम : हो.

जुई : आज मी बस म्हणते, तर तू खा म्हणतेस.

कोकिळा : ये, मी भरवते. लहान लहान घास करते. हां. अजून एक.

पुनम : हात बघू. घाम नाही ना? थरथरतंय का काही?

जुई : नाही.

पुनम : डोळ्यांपुढे अंधारी?

कोकिळा : खाऊ दे गं तिला. किती विचारशील?

पुनम : किती राहिले?

कोकिळा : दोन घास. हा एक. हा... झालं. वाटी लख्ख.

पुनम : शहाणी माझी. ग्लुकोज आहे पर्समध्ये, काही वाटलं तर लगेच सांगायचं. आणि थोड्या वेळानं बोट टोचून बघू.

जुई : आई.

पुनम : काय गं?

जुई : माझं पोट भरलं का?