एका नंबरच्या तीन बोटी

भाजी धुवायच्या टाक्याचं खानदान शोधत कोणी पुण्याहून बडनेऱ्याला येतं, हे मला अजूनही नीट उमगलेलं नाही. माझ्या मळ्यात फायबरची एक जुनी स्पीडबोट आहे, तिच्यात आम्ही मेथी धुतो. तो माणूस म्हणाला, ही माझ्या वडिलांनी स्वतः बनवलेली पहिली बोट. मागचा नंबरही जुळला.

"पण आजी, हाच नंबर तुमच्या शेजाऱ्यांच्या बोटीवर पण आहे. असं कसं?"

"काहून नसन? भंगारातून एकच आनली होती. मंग कारागिरानं तिचाच साचा काढून अजून दोन केल्या. साच्यात नंबर येनारच."

त्याचा चेहरा उतरला. "मग वडिलांची कोणती?"

"माही. अस्सल माल माह्याच घरी रायते."

त्यानं बोटीच्या मागच्या बाजूवरून हात फिरवला. "अस्सल बोटीला इथे इंजिनाच्या बोल्टची चार भोकं असतात. हिला नाहीत."

नव्या दोन्ही बोटींत कारागिरानं ती भोकं ठेवलीच नव्हती. आणि भोकांतून पाणी गळतं म्हणून अस्सल बोट मी मोझरीच्या नणंदेला देऊन टाकली होती. पण बापाची वस्तू लेकापासून लपवायची तरी कशी? घेऊन गेले त्याला मोझरीला.

चार भोकं दिसली आणि तो बोटीच्या काठावर डोकं टेकवून रडायला लागला. नणंद एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"वहिनी, हा तं बापाच्या हातची जुनी बोट मनून रडून राहिला. तुमी मले सांगतलं होतं, नवी हाय, भोकं पानी सोडाले ठेवले."