माज्या आईचा फोटू न्हाई

मी खजुरीची, आळंद तालुक्यातली. आमचे अप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मराठी, कन्नड, उर्दू, तिन्ही अक्षरं त्यांच्या हातात होती, आन् मी त्यांचे ब्रश धुता धुता शिकले. आई मनाल तर मी पाळण्यात असतानाच ताप येऊन गेली. तिचा एक बी फोटू न्हाई. काय सांगू तुमाला, साळंत पोरी आईचं नाव काढायच्या आन् माज्या डोळ्यापुढं नुसता पदर यायचा, आत तोंडच न्हाई. मनून तिचं चित्र काढायला लागले बघा, दुसरं काई कारण न्हाई.

मावशीला इचारलं तर ती मनली नाक तुज्यासारखं, आत्या मनली छे, नाक बसकं होतं. अप्पा काईच बोलायचे न्हाईत, इषय निघाला की उठून जायचे. मी काढायची, फाडायची, पुन्हा काढायची.

पुढं माजं ऐकून लोकं चित्र काढून घ्यायला यायला लागली, ज्यांच्या घरात गेलेल्या माणसाचा फोटू न्हाई अशी. खटकचिंचोळीची एक अक्का आली, तिची ल्हान लेक हिरीत पडून गेलेली. मी नाक-डोळे कसे ते इचारत न्हाई, त्यानं माणूस गडबडतंय. मी इचारलं, रुसली की कशी बसायची. अक्का सांगत गेली, सांगता सांगता हसली बी, आन् मी आदी केस काढले, मग खांदे, तोंड शेवटाला. झाल्यावर अक्कानं चित्रातल्या गालाला हात लावला, रंग वला होता, बोटाला आला, तो तिनं पुसला न्हाई, तशीच गावच्या बसमधी बसून गेली. त्या दिवशी मला जेवण गेलं न्हाई. दुसऱ्याच्या लेकीचं तोंड सापडतंय, मग माज्या आईचंच कामून सापडत न्हाई?

अप्पांनी अंथरूण धरलं तवा एक चित्र त्यांच्या म्होरं धरलं, मनलं आता तरी सांगा, अशीच होती का. लई येळ बघितलं त्यांनी.

"ठाव न्हाई, बाई," मनले. "लई वरसं झाली, मला बी ती दिसंना. मनून तर बोलत नव्हतो."

मी त्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं, दुसरं काय करणार.

आता अप्पा गेले, मावशी न्हाई, आत्या न्हाई. मी कसं बी काढलं तरी ही ती न्हाई मनणारं कुणी राह्यलं न्हाई. तरी सकाळी कागद घेऊन बसतेय. काढायलेय, बघा.