कडुबा तुपे यांच्या पिकअपबाबत सारजाबाईंचं म्हणणं

दिनांक १२/११/२०२५

मी सारजाबाई कडुबा तुपे, वय ६८ वर्षे, धंदा शेती, राहणार फुलंब्री, जिल्हा छत्रपती संभाजीनगर. पुतण्या सुदर्शन याच्याविरुद्ध मी अर्ज दिला आहे. त्या चौकशीसाठी बोलावल्याने आज सकाळी अकरा वाजता मुलगी तनुजा हिच्यासोबत ठाण्यात हजर होऊन, कोणाच्याही दबावाशिवाय सांगते की,

माझे पती, गाडीचे मालक मयत कडुबा, हे सहा वर्षांपूर्वी वारले. त्यांनी सन १९८१ मध्ये छावणीतल्या लिलावातून १९६२ सालची लष्करी पिकअप घेतली. त्यासाठी बैलजोडी विकली. ती जोडी माझ्या वडिलांनी आम्हाला लग्नात दिलेली होती. कागद मात्र सासरे तात्यासाहेब यांच्या नावावर केले. घरात थोरला माणूस बसलेला असताना वस्तू आपल्या नावावर घ्यायची नाही, अशी आमच्यात रीत होती. पतींनी ती पाळली. मीही तेव्हा काही बोलले नाही.

त्या गाडीतून त्यांनी तीस वर्षे अद्रक आणि मिरची शहराच्या मार्केटला नेली. तनुजाचा जन्म त्याच गाडीत, दवाखान्यात नेताना चौका गावाजवळ झाला. गाडीला त्यांनी कधी रंग दिला नाही. "रंगानं गाडी पळत नाय," म्हणायचे. डावं दार तारेनं बांधलेलं होतं. ते वारल्यावर गाडी गोठ्याशेजारी उभी होती. पावसाळ्यात मी तिच्यावर ताडपत्री टाकत असे.

यंदा ऑगस्टमध्ये सुदर्शन, म्हणजे माझ्या धाकट्या दिराचा मुलगा, घरी आला. "मोठ्याई, सरकारचा नियम आलाय. एवढी जुनी गाडी ठेवता येत नाय, भंगारात द्यावी लागंल," असं म्हणाला. मला नियमातलं कळत नाही. पोरगं शिकलेलं, अंगाखांद्यावर खेळवलेलं, म्हणून विश्वास ठेवला. गाडी नेण्याआधी तो तीन दिवस संध्याकाळी येऊन बसला. मोठ्या बाबाची, म्हणजे माझ्या पतींची, आठवण राहील म्हणून माझं बोलणं मोबाइलमध्ये भरून घेत होता. गाडी कुठून आणली, कुठं बंद पडायची, बाळंतपण कसं झालं, सगळं विचारलं. पती वारल्यापासून त्यांच्याबद्दल इतकं कोणीच विचारलं नव्हतं. मी रोज त्याला धपाटे करून घातले. मला फार बरं वाटत होतं, हेही लिहून घ्यावं. नंतर भंगाराचे म्हणून त्याने काही पैसे दिले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

दिनांक ९ नोव्हेंबर रोजी, रविवारी, तो त्याच्या कारने आला. "गाडी मोडली नाय, मोठ्याई. एका साहेबांनी घेतली, जशीच्या तशी ठेवलीय. चल, दाखवतो." मला इतका आनंद झाला की त्याच्या तोंडावरून हात फिरवून मी कानशिलावर बोटं मोडली. गारखेड्यात मंदार साहेब म्हणून आहेत, त्यांच्या बंगल्यावर गेलो. त्यांचा वाळूजला कारखाना आहे आणि जुन्या गाड्यांचा शौक आहे. पंधरा-वीस पाहुणे जमले होते. गाडी अंगणात होती, दाराची तारसुद्धा तशीच. मंदार साहेब सांगत होते की यातला एक स्क्रूही बदललेला नाही. वास्तविक क्लचची वायर दोनदा बदलली, तेव्हा पाने मीच हातात देत होते. पण मोठ्या माणसाला मध्येच कशाला टोका.

मग ते माझ्याकडे वळून पाहुण्यांना म्हणाले, "आणि या कडुबा ड्रायव्हरच्या पत्नी. तात्यासाहेबांकडे त्यांनी तीस वर्षं इमानानं नोकरी केली. यांचं बाळंतपण अडलं, तेव्हा मालकांनी स्वतःची गाडी दिली. हो ना, आजी?"

मी सुदर्शनकडे पाहिलं. तो मोबाइल बघत होता. पुतण्या खोटं बोलला म्हणावं, तर परक्या दारात घरची अब्रू जाते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असंच आम्ही शिकलो. मी "व्हय" म्हणाले. टाळ्या वाजल्या. मला शाल आणि नारळ दिला, तो मी घेतला. मंदार साहेबांचा यात दोष नाही. ते माझ्याशी अदबीनं वागले.

परत येताना मी सुदर्शनला जाब विचारला. तो म्हणाला, "मोठा बाबा आजोबांचा पोरगा म्हणून सांगितला असता, तर वारस म्हणून तुझी अन् तनुजाची सही लागली असती. तुम्ही गाडी दिली नसती. अन् आता माणूसच राहिला नाय, तुला काय फरक पडतो?" मी वाटेत हर्सूलला उतरले आणि बसने घरी गेले.

त्या कार्यक्रमाचा व्हिडिओ हवालदार साहेबांनी मला दाखवला. "व्हय" म्हणणारी बाई मीच आहे, आवाजही माझाच. पण ते बोलणं खोटं आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मी नवऱ्याशी भांडले असेन, पण चारचौघांत त्यांना कमीपणा येऊ दिला नाही. तो त्या दिवशी येऊ दिला, आणि ज्याची लाज राखायला येऊ दिला त्याने मान वर केली नाही. याचा मला फार संताप आहे. सुदर्शनचाही, आणि माझाही.

गाडी परत द्या, असं माझं म्हणणं नाही. मंदार साहेबांनी त्याच पाहुण्यांना बोलवावं आणि खरं काय ते सुदर्शनने स्वतःच्या तोंडाने त्यांना सांगावं.

लिहिलेलं सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. आधी वरती नुसतंच "मयत कडुबा" होतं. त्याच्याआधी "गाडीचे मालक" घालायला मी सांगितलं. हवालदार साहेब म्हणाले, "आजी, कागदावर मालक तात्यासाहेब आहेत." मी म्हणाले, "मंग हा बी कागदच हाय ना? ह्याच्यावर लिवा." त्यांनी लिहिलं. आता बरोबर आहे, म्हणून सही करते.

सारजाबाई कडुबा तुपे