ओव्याचा इलाज

वर्गात डोळे मिटूनही मागच्या बाकावरचं बोलणं ऐकणारे निवृत्त सूर्यकांत गुरुजी हिंगोलीच्या स्कॅन सेंटरात नंबराची वाट पाहत होते. मागच्या बाकावर साखरा गावचे सोनाजी आणि त्यांची बायको देवकाबाई बसली होती. तेवढ्यात सिस्टर आली.

“मावशी, हृदयाचा एमआरआय आहे. आत मोठं चुंबक असतं. मंगळसूत्र, जोडवी, सगळं काढून ठेवा.”

“मंगळसूत्र? अवं सिस्टर, नवरा जिता बसलाय की इथं!”

“व्हय ना,” सोनाजी म्हणाले. “मंग ऱ्हाऊ द्या हा एमआरआय. मागल्या तपासणीत मोठ्या नळ्या साफ निघाल्या न्हाई का?”

“निघाल्या. पण दुखणं थांबलं का? बाईमाणसाचं कधी बारीक नळ्यांत अडकलेलं ऱ्हातं, ते यात दिसतं, असं डॉक्टरच म्हणले.”

“गॅस असंल तुला. ओवा खाल्ला की बरं वाटून राहिलं ना?”

“तुमी देऊन राहिले, म्हून बरं वाटतं म्हणून राहिले मी. तुमच्या छातीत एकडाव कळ आली, तवा न्हाई ओवा काढला. नांदेडला जीप केली.”

“तसं न्हाई गं. पण गळा मोकळा केला अन् माझंच काई बरंवाईट झालं तर?”

 देवकाबाईनं मंगळसूत्र काढून नवऱ्याच्या मुठीत ठेवलं.

“धरा. मी येईस्तोवर तुमचा जीव तुमीच सांभाळा.”

“अगं थांब! माझ्या छातीत धडधडून राहिलं!”

“गॅस असंल,” देवकाबाई दारातून म्हणाली. “पिशवीत ओवा हाय.”