मुक्ताचा सेल

सरांच्या फोनचं सांगतो, ऐका. माझी लेक मुक्ता गेली तेव्हा मंडीदीपच्या लॅबमध्ये तिचा सोडियम बॅटरीचा सेल मशीनवर चाचणीला लावलेला होता; संपेपर्यंत तो चार्ज-डिस्चार्ज करत राहायचा. वीज नीट वाहावी म्हणून कॅथोडमध्ये तिने कार्बन मिसळला होता. तिचे गाइड सर म्हणायचे, “पावडरीला नुसतं काळं फासून काय होणार?”

तेरावं झालं आणि त्यांचाच फोन आला.

“भाईसाब, मशीन रिकामं करायचंय, दुसरी मुलं थांबलीयत. मुक्ताचा सेल काढू का?”

मी म्हटलं, “राहू द्या ना. संपेल तेव्हा काढा.”

“अहो, तीच तर दिक्कत आहे. इतके दिवस झाले, तो मरतच नाहीये!”

बोलून गेले आणि चपापले.

मी म्हटलं, “सर, हे तिला एकदा सांगायचं होतंत.”