गोठ्याला खिडक्या किती

—नाही नाही, तुम्ही काही बोलू नका, मला ठाऊक आहे नियम. तुमच्या अध्यक्षांनी मिनीबसमधून उतरल्या उतरल्या सांगितलं ना सगळ्यांना — बांधकाम परवानगीची समिती फक्त जागा बघायला आलीय, अर्जदारानं सदस्यांशी बोलायचं नाही, सदस्यांनी अर्जदाराशी बोलायचं नाही. ऐकलं मी. एवढी माणसं पिवळी जाकिटं घालून माझ्या अंगणात उभी, आणि चहा विचारायचा नाही! माझी सासू असती तर तिनं हाय खाल्ली असती. पण आता तुमचा गुडघा दुखतोय, तुम्ही एकट्या मागे राहिलात, मग काय तुम्हाला चिखलात उभं ठेवू? बसा त्या बाकावर. कुत्रा काही करत नाही, म्हातारा झालाय, नुसता वास घेतो. मी अर्जाबद्दल चकार शब्द काढणार नाही. वाऱ्यापावसाबद्दल बोलायला तर बंदी नाही ना? — बघा, हसलात. हसलं तरी लिहून ठेवावं लागतं का तुम्हाला?

मी डोरीन रॉथरी, ते कळलंच असेल. अर्ज नवऱ्याच्या नावावर आहे, आर्नल्डच्या. तो आत बसलाय, स्वयंपाकघराच्या खिडकीशी. हात करू नका, नाहीतर बाहेर येईल. सकाळपासून टाय लावून बसलाय हो. मी म्हटलं, अरे, तुला बोलायचं नाहीये त्यांच्याशी, टाय कशाला? ऐकेल तर शपथ. दाढी मी करून दिली, टायची गाठ मात्र एका हातानं स्वतः मारली. अर्धांगाचा झटका आल्यापासून उजवा हात गेलाय त्याचा. वाचाही गेली — म्हणजे अगदी सगळी नाही, हो आणि नाही म्हणतो, आणि शिव्या. शिव्या तेवढ्या शाबूत राहिल्यात. डॉक्टर म्हणाले, असं होतं म्हणे कधी कधी.

तो बघा, कुरणापलीकडे, तुमची माणसं जिथं उभी आहेत तोच गोठा. खाली गुरं, वर गवत, असं होतं पूर्वी. आता गुरं नाहीत, नुसत्या मेंढ्या. आणि तो तुमच्या ऑफिसातला साहेब लाल-पांढऱ्या काठ्या रोवतोय ना, ते गाडी कुठं उभी राहील ते दाखवायला. चांगला आहे हो तो माणूस. पहिल्या खेपेला त्यानंच येऊन सांगितलं, खिडक्या फार झाल्यात, रॉथरीबाई, गोठा गोठ्यासारखा दिसला पाहिजे. मी म्हटलं, दिसू दे की, पण आत माझी सून राहणार आहे, गाय नाही. तर हसला बिचारा, आणि नामंजुरी पाठवून दिली. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गाव असलं की असंच, दगडसुद्धा विचारल्याशिवाय हलवायचा नाही. लोक लांबून येतात, फोटो काढतात, म्हणतात, काय नशीबवान तुम्ही! आणि आमच्याच गावातली निम्मी घरं त्या लोकांनी सुट्टीपुरती घेऊन ठेवलीत, हिवाळ्यात एक दिवा लागत नाही. मग आमच्या पोरांनी राहायचं कुठं? — हं. बोललेच शेवटी अर्जाबद्दल. ऐकलं नाही असं समजा.

तुम्ही म्हणाल, एवढं मोठं घर आहे की तुमचं. म्हणणार नाही, पण मनात आलं असेल. राहिले होते हो ते इथं, आमचा स्टुअर्ट आणि लीअ‍ॅन, लग्नानंतर. नाही जमलं. दोष तिचा नाही, चूल माझी होती, आणि मी तिला चमचासुद्धा माझ्या पद्धतीनं ठेवायला लावायची. मग गेले गावात, दुकानावरच्या दोन खोल्यांत. तेव्हा आर्नल्ड म्हणाला, गोठ्याचं घर करू, म्हणजे दोन चुली होतील. झकास कल्पना. पहिला अर्ज खिडक्यांवरून गेला. दुसऱ्याला वटवाघळं आडवी आली. त्यांना कायद्यानं हलवता येत नाही, म्हणून ती आहेत की नाही ते आधी बघावं लागतं, आणि बघता येतं फक्त उन्हाळ्यात, आमचा अर्ज गेलेला पानगळीत. म्हणजे तोही नामंजूर, आणि थांबा वर्षभर. मग एक बाई आली, घडीची खुर्ची मांडून संध्याकाळची गोठ्यासमोर बसायची, त्यांचा आवाज टिपायचं यंत्र कानाला लावून. तिला सूप नेऊन द्यायचे मी. ती समितीत नव्हती ना, तिला चालायचं. सापडली वटवाघळं. त्यांच्यासाठी छपरात वेगळा माळा काढायचा ठरला, स्लेटखाली फट ठेवून. आर्नल्ड म्हणाला — तेव्हा बोलायचा तो — म्हणाला, वटवाघळांचं घर झालं मंजूर, डोरीन, आता आपल्या पोराचं बघू. आणि त्याच हिवाळ्यात पडला तो, मेंढ्यांना चारा घालताना.

म्हणून तर हा तिसरा अर्ज. यावेळी साहेबांनीच लिहिलंय, मंजुरी द्यावी, कारण शेतावर काम करणारं माणूस हवंय, म्हातारा आता करू शकत नाही. आणि खरंच आहे ते. वरच्या डोंगराला कुंपण नाही, बाई. आमच्या मेंढ्या आमच्याच भागात चरतात, कारण कोकरू आईमागं फिरून शिकतं, आपली हद्द कुठली. कळप एकदा विकला की संपलं. नवा आणला तर पार पलीकडच्या दरीत उतरेल. आर्नल्डच्या आजोबांपासूनचा कळप आहे तो. तो कळप सांभाळायला स्टुअर्ट आला असता तर — म्हणजे आला की — येणारच आहे ना, त्याच्यासाठीच तर हे सगळं —

काय म्हणाले मी?

नका हो असं बघू. तुम्हाला बोलायची बंदी आहे, बघायचीही असायला हवी होती. — रविवारी फोन आला होता त्याचा. खाली शहराबाहेर नवी वसाहत झालीय, तिथं घर घेतलंय त्यानं. किल्ल्या मिळाल्या. माझ्या नातीचं नाव घातलंय तिथल्या शाळेत. म्हणाला, आई, अजून किती वाट बघायची आम्ही? रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर मी भांडले असते, तेवढं येतं मला. हळू म्हणाला. आणि मी काय बोलले माहितीये? पडदे घेतलेस का, म्हटलं. तर म्हणतो, खिडक्या फार आहेत, आई, बरेच लागतील.

आर्नल्डला नाही सांगितलं. कसं सांगू? दिवसभर त्या खिडकीतून गोठ्याकडं बघत असतो. आता तुम्ही म्हणाल, अर्ज मागे घ्या. मागे घेतला तर त्याला कारण सांगावं लागेल. आणि तुम्ही मंजूर केला तर — तर आणखीच वाईट. मग तो वाट बघेल. गवंडी कधी येणार, स्टुअर्ट कधी येणार. रोज विचारेल, तोंडानं नाही, डोळ्यांनी. पण तुम्ही नाही म्हणालात ना, तर तो तुम्हाला शिव्या देईल. मनसोक्त. हिवाळाभर देईल. समितीनं घर होऊ दिलं नाही म्हणून पोरगा आला नाही, असं म्हणत जगता येतं हो माणसाला. पोरगा आपणहून आला नाही, असं म्हणत कसं जगायचं?

म्हणून सांगते, पुढच्या आठवड्यात मतदान होईल तेव्हा तुम्ही हात वर करू नका. तुम्ही नेहमी तरुण जोडप्यांच्या बाजूनं हात वर करता, ठाऊक आहे मला, तुमचा लौकिकच आहे तसा. यावेळी नको. कारण काहीही काढा. रस्ता अरुंद आहे म्हणा, छपरातली खिडकी डोंगरावरून दिसते म्हणा. कारणांचा काय तोटा तुमच्याकडे! आम्हाला दोनदा पुरवलीत की. माझं मन तर म्हणतं, आजच नाही म्हणून टाका, आज —

जाऊ दे. रडत नाहीये मी. वाऱ्यानं येतं पाणी डोळ्यात.

अरे देवा. आता तुम्हाला हे सभेत सांगावं लागणार, नाही का? अर्जदार माझ्याशी बोलली, म्हणून मी मत देत नाही — असं उभं राहून सांगतात ना? आणि काय बोलली, तेही सांगणार? बाई, तो येणार आहे सभेला. पहिल्या रांगेत बसवायचं कबूल केलंय मी त्याला. त्याची वाचा गेलीय, कान नाही गेले. तुमच्या पाया पडते, तेवढं नका सांगू. बोलली एवढंच सांगा. म्हातारी भोचक होती, गप्प बसवेना, असं सांगा. खोटं नाही त्यात काही.

आले, ते बघा, येतायत सगळे परत. डोळे पुसते मी. तुमच्या अध्यक्षांचे बूट पार भरलेत चिखलानं — आणि हा कुठं निघाला? आर्नल्ड! अहो, काठी न घेता आलाय, भिंतीला धरून. पडेल हो तो. आर्नल्ड, त्यांच्याशी बोलायचं नाही, सांगितलं होतं ना तुला! बघा, धरलीच त्यानं अध्यक्षांची बाही. गोठ्याकडं हात करतोय. काहीतरी म्हणतोय — शिवी नाही ती. थांबा. नाव घेतोय तो. ऐकलंत तुम्ही? स्टुअर्ट म्हणतोय. झटका आल्यापासून हे नाव नव्हतं आलं त्याच्या तोंडात, मी महिनोन् महिने म्हणवून बघितलं. आणि कुणीच थांबवत नाहीये त्याला. अध्यक्ष मान डोलवतायत — मान डोलवायची नसते ना, बाई? नियम आहे ना तुमचा? मग सांगा ना कुणीतरी त्यांना.

नको. राहू दे. उठा तुम्ही, सावकाश, गुडघा सांभाळा. तुमची गाडी निघेल.