पदरावरचे मोर

डिंडोलीच्या बसमध्ये गायत्रीच्या मागच्या सीटवर एक वयस्क जोडपं बोलत होतं.

"अहो, कामावरून काढलं तर नाही ना?"

"शेठने नवं सॉफ्टवेअर आणलंय, सुभद्रा. नुसतं सांगितलं की साडीचं डिझाइन काढून देतं. मिनिटात पन्नास मोर काढले त्याने."

"मग तुमच्या हाताला काय काम उरलं?"

"शेठही तेच म्हणत होता. मी म्हटलं, मोर देखणे आहेत, पण पदर खांद्यावरून मागे टाकला की सगळे उलटे लटकतील."

"मग?"

"म्हणाला, उद्यापासून मशीन काढेल, तुम्ही तपासा."

"एवढ्या हुशार मशीनला जे कळलं नाही, ते तुम्हाला बरं कळलं!"

"बत्तीस वर्षं तुझ्या मागून चालतोय ना."

"हळू बोला, लोक ऐकताहेत."